पिस्तुलाची गोळी आणि सांबर

कोयनेच्या रानातले थोराड नर सांबर २०० किलोंहूनही अधिक भरते. त्याच्यापुढे पिस्तुलाची गोळी कितीशी? ती सेकंदास साधारण ३५० मीटर धावते, शिकारी रायफलीची ८०० मीटर. आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पोकळ टोकाची गोळी मांसात शिरताच फुलते, जखम रुंद करते, पण खोल जात नाही. भरीव गोळी खोल जाते, पण भोक बारीक पाडते. मधला मार्ग सांगणारे पुष्कळ भेटतात! फुप्फुसापर्यंत न पोचलेल्या गोळीने जनावर रक्त सांडीत जाळीत शिरते आणि हालहाल होऊन मरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये सांबराची शिकार हा गुन्हाच आहे, मग गोळी कोणतीही असो.