व्हॉलीबॉल : तीन स्पर्शांचा खेळ

व्हॉलीबॉलचा सामना पाहणाऱ्यांच्या लक्षात राहतो तो उंच उडी घेऊन मारलेला जोरकस स्मॅश. नव्याने खेळू लागलेल्या मुलांनाही सर्वप्रथम स्मॅशच शिकायचा असतो. प्रत्यक्षात स्मॅश ही तीन स्पर्शांच्या साखळीतील अखेरची कडी असून तिचे यश बहुतांशी पहिल्या स्पर्शावर अवलंबून असते. खेळाचे नियम समजून घेतले, की यामागील कारण स्पष्ट होते.

अमेरिकेतील होलिओक येथे वायएमसीए या संस्थेत शारीरिक शिक्षणाचे काम पाहणारे विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ तयार केला. बास्केटबॉलमधील धक्काबुक्की ज्यांना झेपत नसे, अशा प्रौढ सदस्यांसाठी सौम्य खेळ शोधणे हा त्यांचा उद्देश होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश करण्यात आला.

व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. मध्यभागी बांधलेल्या जाळीची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, तर महिलांसाठी २.२४ मीटर असते. मध्यरेषेपासून ३ मीटर अंतरावर दोन्ही बाजूंना आक्रमण रेषा आखलेली असते. प्रत्येक संघाचे ६ खेळाडू मैदानात उतरतात; तिघे पुढच्या रांगेत आणि तिघे मागच्या रांगेत असतात.

चेंडू हातात धरून ठेवता येत नाही, हा या खेळाचा मूळ नियम होय. आपल्या बाजूला आलेला चेंडू संघाने जास्तीत जास्त ३ स्पर्शांत पलीकडे पाठवावा लागतो आणि एकाच खेळाडूला सलग दोनदा चेंडू खेळता येत नाही. ब्लॉक करताना झालेला स्पर्श मात्र या तिन्हींत मोजला जात नाही. त्यामुळे खेळाडू कितीही कुशल असला, तरी सहकाऱ्याने दिलेल्या चेंडूवरच त्याला खेळावे लागते.

सर्व्हिस करण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्याकडून परत मिळाला, की संघातील खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा पुढे सरकतात. यालाच रोटेशन म्हणतात. त्यामुळे उंच आक्रमकालाही मागच्या रांगेत जावे लागते. तेथून त्याला आक्रमण रेषेच्या मागून उडी घेऊन स्मॅश मारता येतो. मात्र रेषेच्या पुढे येऊन जाळीपेक्षा उंचावरील चेंडू मारल्यास तो दोष ठरतो.

प्रत्येक डावाची सुरुवात सर्व्हिसने होते. पंचांनी शिट्टी वाजविल्यावर ८ सेकंदांत, अंतिम रेषेच्या मागून, एका हाताने सर्व्हिस करावी लागते. समोरचा संघ ती स्वीकारतो, तो पहिला स्पर्श. यासाठी बहुधा अंडरहँड पासचा वापर होतो. पाय खांद्याएवढे फाकवून गुडघे वाकवावेत, दोन्ही हात जुळवून सरळ ठेवावेत आणि चेंडू मनगटाच्या वरच्या सपाट भागावर घ्यावा. हात जोराने उचलण्याची चूक नवखे खेळाडू हमखास करतात. वस्तुतः चेंडूला उंची देण्याचे काम पायांचे असते.

दुसरा स्पर्श सेटरचा. तो कपाळासमोर दोन्ही हातांच्या बोटांनी चेंडू अलगद उचलून आक्रमकाला देतो. पहिला पास जाळीजवळ नेमका आला, तर सेटरपुढे अनेक पर्याय खुले राहतात. पास भरकटला, तर त्याला धावत जाऊन चेंडू कसाबसा उचलावा लागतो आणि आक्रमण कोठून होणार हे प्रतिस्पर्ध्याला आधीच कळते. मग जाळीवर दोन किंवा तीन खेळाडूंचा ब्लॉक उभा राहतो आणि उत्कृष्ट स्मॅशही निष्प्रभ ठरू शकतो.

गुणपद्धतीतील बदलामुळे पहिल्या स्पर्शाचे मोल आणखी वाढले. पूर्वी पहिल्या चार सेटमध्ये केवळ सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे; इतर वेळी फक्त सर्व्हिसचा हक्क मिळे. १९९० च्या दशकाअखेरीस झालेल्या बदलानंतर मात्र प्रत्येक डावात कोणत्या ना कोणत्या संघाला गुण मिळतो. आता सेट २५ गुणांचा, तर निर्णायक पाचवा सेट १५ गुणांचा असतो आणि विजयासाठी किमान २ गुणांची आघाडी लागते. सर्व्हिस स्वीकारण्यातील चूक थेट प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात गुण जमा करते. याच सुमारास बचावात निपुण असलेल्या ‘लिबेरो’ या खेळाडूला नियमांत स्थान मिळाले. त्याचा पोशाख वेगळ्या रंगाचा असतो. तो केवळ मागच्या रांगेत खेळतो. ब्लॉक करण्याची किंवा जाळीपेक्षा उंचावरील चेंडू मारून आक्रमण करण्याची त्याला मुभा नसते.

भारताने आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये १९६२ साली जकार्ता येथे रौप्यपदक, तर १९८६ साली सेऊल येथे कांस्यपदक पटकावले. सेऊलमधील संघात असलेले केरळचे जिमी जॉर्ज त्यांच्या उंच उडीसाठी आणि घणाघाती स्मॅशसाठी आजही स्मरणात आहेत. मात्र अशा स्मॅशपूर्वी कोणीतरी वाकून सर्व्हिस स्वीकारलेली असते आणि कोणीतरी चेंडू नेमका उचलून दिलेला असतो. म्हणूनच या खेळाचा सराव सुरू करणाऱ्याने जाळीकडे धाव घेण्यापूर्वी भिंतीसमोर उभे राहून अंडरहँड पास पक्का करणे श्रेयस्कर ठरते.