रोख्यापासून कार्डापर्यंत

वडगाव रासाई ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कर्डे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्यात सुप्याला दंगा उसळला. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला.

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरही उतारा हाच. अनेक कार्डांचे व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. नुसती ‘किमान देय रक्कम’ भरून मुद्दल जेमतेम हलते. कार्ड बंद ठेवून बँकेकडून मासिक हप्ते लेखी ठरवून घ्यावेत, आणि त्याआधी औषधांचा खर्च बाजूला काढावा. सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. जामीन नसलेल्या आईवडिलांवर मुलाच्या कार्डाची कायदेशीर जबाबदारी नसते. वसुलीवाले हे सहसा सांगत नाहीत.