रस्ते अपघातांच्या प्रादेशिक प्रतिमानातील क्षेत्रविभागणी

रस्ते अपघातांच्या प्रादेशिक प्रतिमानातील क्षेत्रविभागणी म्हणजे अपघातांचा सांख्यिकीय अभ्यास करण्यासाठी एखाद्या प्रदेशाचे लहानमोठ्या भागांत केलेले विभाजन होय. अशा अभ्यासात प्रत्येक भागातील अपघातांची संख्या घेतली जाते आणि लोकसंख्या, वाहनांची वर्दळ, रस्त्यांची लांबी, चौकांची संख्या, रहिवाशांचे उत्पन्न इत्यादी घटकांशी तिचा संबंध शोधला जातो. भागांच्या सीमा बदलल्या की अपघात तेच असूनही निष्कर्ष बदलू शकतात. भूगोलशास्त्रात या अडचणीला परिवर्तनीय क्षेत्रीय एकक समस्या म्हणतात. कोणता भाग धोकादायक मानायचा आणि सुरक्षेचा निधी कोठे खर्च करायचा, हे पुष्कळदा अशा प्रतिमानांवरून ठरते; म्हणून नियोजनात या समस्येला महत्त्व आहे.

स्वरूप

या समस्येचे दोन पैलू आहेत. भागांचा आकार लहानाचा मोठा केल्याने निष्कर्षात पडणारा फरक हा परिमाण-परिणाम होय. भागांची संख्या तेवढीच ठेवून केवळ सीमा वेगळ्या आखल्याने पडणारा फरक हा विभागणी-परिणाम होय.

दुसरा पैलू एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. एका चौरस शहराचे समान लोकसंख्येचे चार भाग आहेत. पश्चिमेकडील दोन भागांत प्रत्येकी १२ आणि पूर्वेकडील दोन भागांत प्रत्येकी २ असे एकूण २८ अपघात झाले. शहर पूर्व व पश्चिम असे विभागले, तर पश्चिमेस २४ आणि पूर्वेस ४ अपघात दिसतात. तेच शहर उत्तर व दक्षिण असे विभागले, तर दोन्हीकडे १४ अपघात येतात आणि पश्चिमेचा धोका तक्त्यातून नाहीसा होतो.

पार्श्वभूमी

गेल्के आणि बील या संशोधकांनी १९३४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या २५२ जनगणना विभागांत बालगुन्हेगारी आणि घरभाडे यांचा सहसंबंध तपासला. तो -०.५०२ होता. शेजारचे विभाग जोडून २५ मोठे गट केल्यावर तोच सहसंबंध -०.७६३ झाला. यूल आणि केंडॉल यांनी १९५० मध्ये इंग्लंडमधील ४८ परगण्यांतील गहू व बटाटा यांच्या उत्पादनाची तुलना केली. परगण्यांचे एकत्रीकरण करीत केवळ ३ गट ठेवल्यावर सहसंबंध ०.२२ वरून ०.९९ पर्यंत वाढला. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याचे ९९ परगणे असंख्य प्रकारे एकत्र करून पाहिले. वयस्कर लोकसंख्या आणि रिपब्लिकन पक्षाचे मतदार यांच्यातील सहसंबंध सीमांनुसार जवळजवळ पूर्ण ऋण ते जवळजवळ पूर्ण धन असा बदलू शकतो, असे त्यांनी दाखवले.

अपघातांच्या अभ्यासातील विशेष अडचणी

नियोजनासाठी वापरली जाणारी वाहतूक विश्लेषण क्षेत्रे प्रवासाच्या मागणीचा अंदाज बांधण्यासाठी आखलेली असतात. त्यांच्या सीमा बहुधा मोठ्या रस्त्यांवरून जातात, आणि अपघातही मोठ्या प्रमाणावर त्याच रस्त्यांवर होतात. त्यामुळे सीमेवरचा अपघात कोणत्या क्षेत्रात मोजावा, हा प्रश्न उभा राहतो. मोजणीच्या पद्धतीनुसार एकाच चौकातील अपघात दोन ते चार क्षेत्रांत वाटले जातात किंवा एकाच क्षेत्राच्या नावावर जमा होतात.

क्षेत्रे फार लहान केली, तर अनेक क्षेत्रांत अपघातांची संख्या शून्य येते आणि आकडेमोड अस्थिर होते. ती फार मोठी केली, तर शाळेजवळचा धोकादायक रस्ता आणि शांत वसाहत एकाच सरासरीत मिसळतात.

अपघाताची नोंद घटनास्थळी होते. जखमी व्यक्ती मात्र दुसऱ्या भागातील रहिवासी असू शकते. कमी उत्पन्नाच्या क्षेत्रात अपघात अधिक दिसले, तरी कमी उत्पन्नाच्या व्यक्तींचे अपघात अधिक होतात असे त्यावरून सिद्ध होत नाही. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्याच्या या चुकीकडे डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये लक्ष वेधले होते.

फ्लोरिडातील अभ्यास

अपघातांच्या संदर्भात या समस्येचा विस्तृत अभ्यास अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात झाला. २०१३ मध्ये मोहम्मद अब्देल-अती आणि सहकाऱ्यांनी जनगणनेचे मोठे विभाग, त्यांतील लहान गट आणि वाहतूक विश्लेषण क्षेत्रे या तीन एककांवर प्रतिमाने तयार करून त्यांची तुलना केली. एकक बदलल्यावर महत्त्वाचे ठरणारे घटकही बदलत असल्याचे त्यांना आढळले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हिल्सबरो परगण्यातील ७३८ वाहतूक विश्लेषण क्षेत्रे टप्प्याटप्प्याने जोडून ५० ते ७०० क्षेत्रांच्या वेगवेगळ्या रचना तपासण्यात आल्या. घटकांच्या परिणामाचे अंदाज आणि त्यांची सांख्यिकीय सार्थता, दोन्ही रचनेनुसार बदलत होते.

भारतातील संदर्भ

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या ज्या भागात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले असतील, त्यास अपघातप्रवण स्थळ मानतात. येथे ५०० मीटर हेच क्षेत्रीय एकक आहे. मोजणी ठरावीक खुणांपासून केली आणि एका वळणावरील ५ अपघात ३ व २ असे दोन भागांत विभागले गेले, तर कोणताही भाग निकषात बसत नाही. ५०० मीटरची चौकट रस्त्यावरून पुढे सरकवत मोजणी केल्यास हा दोष टाळता येतो.

प्रशासकीय सीमा बदलल्यावरही अशीच अडचण येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा ठाणे जिल्ह्यातील मोठा भाग नव्या जिल्ह्यात गेला. त्यामुळे ठाणे जिल्ह्याच्या विभाजनापूर्वीच्या व नंतरच्या अपघातसंख्येची थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

उपाययोजना

सीमेवरील अपघात आणि क्षेत्राच्या आतील अपघात यांसाठी वेगळी प्रतिमाने करणे, शेजारच्या क्षेत्रांचा परस्परप्रभाव गणितात धरणे, तसेच समान अपघातदराची क्षेत्रे जोडून सुरक्षेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभागणी करणे हे प्रमुख उपाय आहेत. अपघातस्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदवले असल्यास एकाच माहितीची निरनिराळ्या विभागण्यांनी पुनर्मांडणी करता येते. केवळ पोलीस ठाण्याची किंवा जिल्ह्याची नोंद असल्यास ती शक्यता राहत नाही.

समस्या पूर्णपणे दूर करणारी एकच सर्वमान्य विभागणी नाही. म्हणून वापरलेली विभागणी व ती निवडण्याचे कारण स्पष्ट नमूद करणे आणि निष्कर्ष एकाहून अधिक विभागण्यांवर तपासणे आवश्यक मानले जाते. विभागणी बदलूनही जो निष्कर्ष टिकतो, तो नियोजनासाठी अधिक विश्वसनीय ठरतो.