हुरड्याच्या ताटात वाणाचं नाव हवं

पौषात परभणीच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी हुरड्यावर येते. दाण्यातलं दूध आटलेलं असतं, पण दाणा अजून नखाने दबतो. वाणावाणातला गोडीचा फरक या थोड्या दिवसांत जिभेला स्वच्छ कळतो, कारण दाण्यातली साखर अजून पुरती पिष्टात बदललेली नसते. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजून गरम असतानाच हातावर चोळली, की गुळभेंडीचा दाणा तुसातून अलगद सुटतो आणि कोवळा, गोड लागतो. मालदांडीला जोर लावावा लागतो आणि गोडीतही ती उणी. मात्र पक्व झाल्यावर भाकरी आणि कडबा यांत तिचा लौकिक मोठा. सुरती, कुची-कुची हे वाण तर लोकांनी हुरड्यासाठीच राखले. तरीही आज ताटात येतो तो नुसता ‘हुरडा’. आंबा हापूस की केसर हे विचारणारे आपण ज्वारी मात्र बिननावाची खातो, हे बदलायला हवं. दोन-तीन वाण शेजारी शेजारी वाढावेत आणि प्रत्येकाचं नाव सांगावं.

यावर कोणी म्हणेल, चव ज्याची त्याची. आवड वेगळी असेल, पण कणसं सारख्याच पक्वतेची, एकाच आरावर भाजलेली असतील आणि चटणी, गूळ, दही यांच्याआधी नुसता दाणा चाखला, तर गोडी, मऊपणा, तूस सुटणं यांची तुलना नक्कीच करता येते. पैदासकारही हे गुण बघतात. म्हणूनच राहुरीहून फुले उत्तरा, फुले मधुर आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातून परभणी वसंत असे खास हुरड्याचे वाण आले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेतकऱ्याचं पोट उताऱ्यावर चालतं, चवीवर नाही. खरंच आहे, १९६४च्या सीएसएच-१ या वाणापासून संकरित ज्वारीने उत्पादन वाढवलं. पण हुरड्याचा हिशोब वेगळा. इथे कोवळ्या दाण्याला भाव मिळतो, पीक लवकर निघतं आणि मागे हिरवी वैरण उरते. हा भाव चवीचाच आहे. मात्र नाव न विचारता खाल्लं, तर चांगला वाण पेरणाऱ्याला त्याचा वेगळा मोबदला मिळत नाही. बीजपेढीत बी जिवंत राहील, पण शेतात वाण टिकवायला गिऱ्हाईक लागतं. म्हणून हुरड्याला बसणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या घासाआधी वाण विचारावा, आणि यजमानाला तो सांगता यावा.