कायद्यातले ४५ दिवस

परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि काही झाले तरी ४५ दिवसांच्या पलीकडे जायचे नाही, असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ विद्यापीठांना बजावतो. मुदत चुकलीच, तर ती का चुकली याचा अहवाल राज्य शासनामार्फत कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, पाठवावा लागतो. या जाडजूड कायद्यातला विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळचा आकडा हाच.

अधिनियम १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची परीक्षा लागली. मुंबई विद्यापीठाने ४७७ परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. पूर्वतयारी जेमतेम, घाई मात्र भरपूर. ४५ दिवस उलटले. राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. निकालांचे रखडगाणे सप्टेंबरपर्यंत चालले आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात १६० वर्षांत असे कधी घडले नव्हते.

कुलगुरू गेले, पण १७ लाखांचा आकडा आला कुठून, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. मुंबई विद्यापीठाशी तेव्हा सातशेहून अधिक महाविद्यालये संलग्न होती. संलग्न म्हणजे अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि पदवीही विद्यापीठाची. शिक्षकांना मान्यता विद्यापीठ देणार, पाहणीला स्थानिक चौकशी समिती (एलआयसी) विद्यापीठाची येणार आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जाणार विद्यापीठाच्याच मूल्यांकन केंद्रावर (कॅप सेंटर). महाविद्यालयाने वर्ग भरवायचे, बाकी सगळे वरून. एवढा डोलारा एका परीक्षा भवनातून हाकायचा असेल, तर कुलगुरू कोणीही असो, ४५ दिवस त्याला अपुरेच पडणार.

ही अडचण कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९९४ च्या आधी राज्यातल्या विद्यापीठांचे कायदे वेगवेगळे होते. त्या वर्षीच्या कायद्याने ते एका छत्राखाली आणले. पुढे अरुण निगवेकर, अनिल काकोडकर आणि राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी विचार केला आणि त्यातून २०१६ चा अधिनियम आकाराला आला. मुंबई, पुणे, नागपूरपासून २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठापर्यंत ११ विद्यापीठे त्याच्या कक्षेत आली. विद्याशाखा चारच ठेवल्या आणि अधिष्ठाता निवडून येण्याऐवजी निवड समितीकडून पूर्णवेळ नेमला जाऊ लागला. ओझे हलके करण्यासाठी स्वायत्त महाविद्यालयांबरोबर आणखी एक वाट ठेवली, ती समूह विद्यापीठाची. काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन मूळ विद्यापीठातून बाहेर पडायचे आणि स्वतःच विद्यापीठ व्हायचे.

या वाटेने कोण गेले, ते मोजू. मुंबईचे डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ ४ महाविद्यालयांचे, एचएसएनसी विद्यापीठ ३ महाविद्यालयांचे, साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ ३ महाविद्यालयांचे. पहिल्या तीन समूह विद्यापीठांची मूळ बेरीज झाली १०. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात महाविद्यालये आहेत ४,६९२. हे प्रमाण हजारामागे दोन पडते. सर्वेक्षणाच्या आकड्यात वैद्यकीय आणि कृषी महाविद्यालयेही आहेत, त्यांना हा कायदा लागू नाही. ती वजा केली तरी हिशेबात मोठा फरक पडत नाही.

या दहांकडे जरा जवळून पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. होमी भाभा विद्यापीठातली चारही महाविद्यालये शासकीय, दुसऱ्यातली तिन्ही एचएसएनसी मंडळाची, साताऱ्याची तिन्ही रयत शिक्षण संस्थेची. म्हणजे जिथे मालक आधीपासून एकच होता, तिथेच समूह जमला. दोन संस्थाचालकांनी एकत्र येऊन विद्यापीठ उभे करावे, ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. पण गावागावांतल्या शिक्षणसंस्थांचे राजकारण ज्याने पाहिले आहे, त्याला ती पटणे कठीण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० तर संलग्नीकरणाची पद्धतच १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायला सांगते. त्या हिशेबाने मुदत २०३५ पर्यंत.

विधिमंडळात आवाज चढला तो मात्र दुसऱ्याच आकड्यांवरून. २८ डिसेंबर २०२१ रोजी महाविकास आघाडी सरकारने या अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक विरोधकांच्या गदारोळात मंजूर करून घेतले. कुलगुरूपदासाठी शोध समितीने पाच नावे राज्य शासनाला द्यायची, शासनाने त्यांतली दोन राज्यपालांकडे पाठवायची आणि राज्यपालांनी ३० दिवसांत एक निवडायचे, असे त्याचे सूत्र होते. जोडीला उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांसाठी प्र-कुलपतीचे पद. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांची संमती काही मिळाली नाही. २०२२ मध्ये सत्ता बदलली आणि शिंदे सरकारने ते विधेयक मागे घेण्याचा निर्णय घेतला. पाच, दोन, एक ही उतरंड कधी अमलात आलीच नाही.

हा झगडा एकट्या महाराष्ट्राचा नाही. तमिळनाडूने कुलगुरू नेमणुकीचे अधिकार मुख्यत्वे राज्य सरकारकडे घेणारी १० विधेयके १८ नोव्हेंबर २०२३ रोजी विशेष अधिवेशनात पुन्हा मंजूर केली. राज्यपालांनी ती राष्ट्रपतींकडे पाठवली. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या दहांना संमती मिळाल्याचे मानले. त्यानंतर राष्ट्रपतींनी १४ प्रश्न न्यायालयापुढे ठेवले आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिले की, राज्यपालांना न्यायालय कालमर्यादा घालून देऊ शकत नाही आणि अशी गृहीत धरलेली संमतीही घटनेत बसत नाही. मधल्यामध्ये, जानेवारी २०२५ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा आणला. त्यातल्या शोध समितीत कुलपतींचा, आयोगाचा आणि विद्यापीठाचा प्रतिनिधी आहे, राज्य शासनाचा नाही. विद्यापीठ राज्याने काढायचे, पैसा राज्याने द्यायचा आणि कुलगुरू निवडताना बाहेर उभे राहायचे, ही व्यवस्था मला तरी मान्य होण्यासारखी वाटत नाही. पण म्हणून मंत्र्याच्या टेबलावरून दोन नावे पुढे सरकवण्याचा उपाय अधिक चांगला ठरतो, असेही नाही.

विद्यापीठाच्या कारभारात लोकशाहीचा दरवाजा म्हणून अधिसभा (सिनेट) आहे. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा असतात. मुंबई विद्यापीठात ही निवडणूक दोनदा लांबणीवर पडली आणि अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २४ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. मतदार सुमारे १३,४००. दरवर्षी लाखांवर विद्यार्थी ज्या विद्यापीठाच्या परीक्षांना बसतात, त्याच्या पदवीधरांचा हा मतदारसंघ! दहाही जागा युवासेनेने जिंकल्या, २०१८ मध्येही जिंकल्या होत्या. पक्षांना या निवडणुकीत रस आहे, पदवीधरांना नाही.

आणि शिकवायला कोण आहे? नीती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार देशातले ८१ टक्के विद्यार्थी, म्हणजे सव्वातीन कोटींवर मुले, राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या व्यवस्थेत शिकतात, आणि या विद्यापीठांत शिक्षकांची ४० टक्क्यांहून अधिक पदे रिकामी आहेत. एका शिक्षकामागे १५ विद्यार्थी असावेत, तिथे ३० आहेत. कुलगुरू पाचांतून निवडा की दोघांतून, ही पदे त्याने भरली जात नाहीत. ती भरायला शासनाची परवानगी आणि अंदाजपत्रकात तरतूद लागते.

या अधिनियमात पुढची दुरुस्ती येईल तेव्हा आपल्या आमदारांकडे एका साध्या कलमाची मागणी करा. प्रत्येक विद्यापीठाने दर सत्रानंतर आपल्या संकेतस्थळावर एक तक्ता लावावा, कोणत्या परीक्षेचा निकाल परीक्षा संपल्यापासून किती दिवसांत लागला याचा. ज्यांचे ४५ दिवस उलटले, त्यांबाबत कुलपतींना पाठवलेला अहवालही तिथेच असावा.