महापेची नाइट शिफ्ट आणि डोक्यातलं घड्याळ

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कोपरखैरणे स्टेशनबाहेर दोन उलट्या गर्दी भेटतात. एक घरी परतणारी, दुसरी महापेला निघालेली. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसहा झालेले असतात. साहजिकच मिलेनियम बिझनेस पार्क आणि आजूबाजूच्या ऑफिसांत अमेरिकी क्लायंटचं काम करणाऱ्यांचा 'दिवस' तेव्हा उजाडतो. त्यात सकाळी लेक्चर आणि रात्री हेडसेट असा डबल रोल करणारेही असतात. फी भरायची असते, घरी हातभार लावायचा असतो. हौस म्हणून कुणी रात्रभर जागत नाही.

दोन-तीन महिन्यांनी घरातून डायलॉग सुरू होतात. 'हल्ली फार चिडतोस', 'कशातच लक्ष नसतं तुझं'. म्हणजे दोष थेट स्वभावाला. पण मधल्या काळात मेंदूत काय चाललंय ते बघा.

डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका आहे. नाव भलंमोठं, सुप्राकियाझमॅटिक न्यूक्लिअस. पेशी जेमतेम वीसेक हजार. पण झोप, भूक, शरीराचं तापमान, हार्मोन्स या सगळ्यांचं टाइमटेबल हाच लावतो. अंधार पडला की याच्या इशाऱ्यावर पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. पहाटे कॉर्टिसॉल वाढू लागतं. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

हे घड्याळ मुख्यतः उजेडावर सेट होतं. रात्रभर ट्यूबलाइट, आणि सकाळी कॅबमधून उतरताना तोंडावर लख्ख ऊन! बिचारं घड्याळ म्हणतं, सकाळ झाली, उठा. आपण म्हणतो, पडदे ओढा. बरं, एकच शिफ्ट कायम असेल तर थोडंफार जमवून घेता येतं. दर आठवड्याला बदलणारा रोस्टर जास्त त्रासदायक.

झोप तुटली की चिडचिड का होते? भीती-राग हाताळणारा अमिग्डाला आणि त्याला लगाम घालणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स यांच्यातला संपर्क ढिला पडतो. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या टीमने एक रात्र जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली. त्यांचा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त खवळला. त्यात प्रीफ्रंटल पूर्ण पिकायला विशीचा मध्य उजाडतो. म्हणजे एकोणीस-वीसच्या वयात लगाम आधीच कच्चा.

'लगे रहो मुन्नाभाई'ने आपल्याला 'केमिकल लोचा' हा शब्द दिला. मस्त शब्द आहे, पण अर्धवट. सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन, इतकं सरळ गणित नाही. २०२२ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही त्याला ठोस पुरावा सापडला नाही. याचा अर्थ गोळ्या फेकून द्या असा अजिबात नाही. त्या बऱ्याच जणांना उपयोगी पडतात, आणि डॉक्टरांना न विचारता बंद करणं धोक्याचं. ज्यांना बायपोलर आजार आहे त्यांच्यात तर जागरणामुळे मॅनियाचा झटका येऊ शकतो, त्यांनी नाइट शिफ्ट घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

शिफ्ट सोडणं परवडत नसेल तर निदान कॉफी शिफ्टच्या पहिल्या भागातच संपवा. कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात. कॅबने घरी जाताना गॉगल लावा (स्वतः बाइक चालवत असाल आणि झोप येत असेल तर आधी डुलकी काढा). खोलीत जाड पडदे लावा आणि घरच्यांना सांगा, सकाळी अकरा म्हणजे माझे रात्रीचे दोन.

एवढं करूनही दोन आठवडे मन उदास असेल, काहीच नकोसं वाटत असेल, किंवा जगणंच नको असे विचार येत असतील, तर थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर, फुकट, चोवीस तास. रात्री तीनच्या ब्रेकमध्येही लागतो, मराठीत बोलता येतं. शिवाय 'ठाण्याला भरती करा' म्हणून आपण जिथल्या नावाने जोक मारतो, ते १९०१ पासूनचं ठाण्याचं मनोरुग्णालय महापेहून काही फार लांब नाही. तिथे ओपीडी चालते, दाखवून लोक घरी जातात. कुठेही गेलात तरी मागच्या दोन महिन्यांचा रोस्टर मोबाइलमध्ये ठेवा. झोपेबद्दल विचारणार हे नक्की.