कचेरीतली सुनावणी : भाग 6
जबाब वाचून घ्या, मगच सही करा

गेल्या आठवड्यात नोटीस कशी वाचायची ते पाहिलं. आता तारीख उजाडली आहे. आंबिवलीहून गाडी पकडली, शहाड गेलं, कल्याण आलं, तहसील कचेरीत पोहोचलात, शिपायाने नावाचा पुकारा केला आणि तुम्ही आत गेलात. तिथून पुढचं आज.

महसुली कचेरीत साक्षीदाराचा पिंजरा नसतो. टेबलापलीकडे अधिकारी, बाजूला संगणकावर कारकून, मागे पुढच्या केसची माणसं ताटकळत उभी. त्यामुळे माणूस ओट्यावर बसून बोलावं तसं बोलून मोकळा होतो. पण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 237 प्रमाणे औपचारिक आणि संक्षिप्त, दोन्ही चौकश्या न्यायिक कार्यवाही समजल्या जातात. तिथे शपथेवर जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर तो खोटी साक्ष देण्याचा गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. सुनावणी उघडपणे घ्यायची आणि पक्षकारांना आधी सूचना द्यायची, हेही महसूल अधिनियमाच्या याच कलम 237 मध्ये आहे.

आता जबाब लिहायचा कसा? औपचारिक चौकशीसाठी कलम 234 अगदी स्पष्ट आहे. साक्ष पूर्ण लिहायची, मराठीत लिहायची. अधिकाऱ्याने स्वतः लिहायची, नाहीतर त्याच्या समक्ष, त्याला ऐकू जाईल अशी आणि त्याच्या देखरेखीखाली दुसऱ्याने लिहायची. मग ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि बरोबर असल्याबद्दल त्याची सही घ्यायची. लेखन दुसऱ्याने केलं असेल, तर साक्ष चालू असतानाच अधिकाऱ्याने आपल्या हाताने तिच्या सारांशाचं टिपण ठेवायचं. संक्षिप्त चौकशीत (कलम 236) पूर्ण साक्ष लिहीत नाहीत. अधिकारी स्वतः पुराव्याचा गोषवारा नोंदवतो. म्हणून आत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : साहेब, चौकशी औपचारिक आहे की संक्षिप्त?

एका जमिनीच्या चौकशीला मी बसलो होतो. कचेरीचं नाव सांगत नाही. साक्षीला सत्तरीच्या आजी होत्या. विचारलं गेलं, "जमीन कोण कसतं?" आजी म्हणाल्या, "पोर कसतंय, मी सांगते तसं." कागदावर उमटलं, 'जमीन माझा मुलगा कसतो.' मागचे तीन शब्द गळाले होते आणि वाद नेमका ताबा कुणाचा, याचाच होता. जबाबाच्या शेवटी नेहमीची ओळ होतीच : 'वरील जबाब माझे सांगण्याप्रमाणे लिहिला असून मला वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे.' वाचून कुणीच दाखवला नव्हता आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकला होता. सोबतच्या सुनेने हात आडवा धरला आणि म्हणाली, "आधी वाचून दाखवा." वाचल्यावर चूक कळली आणि दुरुस्ती झाली : 'जमीन माझे ताब्यात असून माझे सांगण्याप्रमाणे मुलगा कसतो.' कुणी रागावलं नाही. दोन मिनिटं लागली.

एका वाक्यावर किती ठरतं, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी फार महागात शिकलेलं आहे. 1948 च्या कूळकायद्यातल्या तरतुदींप्रमाणे 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कूळ जमिनीचा मालक झाल्याचं मानलं गेलं. त्यानंतर शेतजमीन न्यायाधिकरणापुढे '32 ग'च्या चौकश्या सुरू झाल्या. कुळाने हजर राहायचं आणि जमीन विकत घ्यायला तयार आहे की नाही, एवढंच सांगायचं. तो जबाब नोंदवायचा. कूळ 'घ्यायची नाही' म्हणालं किंवा आलंच नाही, तर खरेदी निष्फळ ठरायची. कुणी जमीनमालकाच्या दबावाखाली नाही म्हटलं, कुणी किंमत झेपणार नाही म्हणून, कुणाला नोटिशीचा अर्थच कळला नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती करून अशा कुळांना आणखी एक संधी द्यावी लागली. ज्यांच्या घरात जुनी कूळवहिवाट आहे, त्यांनी 32 ग च्या निकालासोबत त्या वेळच्या जबाबाचीही नक्कल काढून पाहावी, असं मी आग्रहाने सांगतो.

दुसरी सुनावणी आपल्या दाराशीच झाली. मोहन्यात एनआरसी कंपनीच्या जागेवर सिमेंट ग्राइंडिंगचा प्रकल्प प्रस्तावित आहे. त्यासाठी सप्टेंबर 2025 मध्ये पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली आणि रहिवाशांनी जोरदार विरोध नोंदवला. इथले नियम वेगळे, ते 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेतले. शपथ नाही, उलटतपास नाही. मात्र हजर असलेल्या कुणालाही प्रकल्पवाल्यांकडे खुलासा मागता येतो आणि सगळ्याचं चित्रीकरण करावं लागतं. इथेही वाचून दाखवणं आहेच. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचा आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्यावर सही करायची. घोषणा देऊन लोक घरी परततात आणि वाचन रिकाम्या खुर्च्यांपुढे होतं, असं होऊ देऊ नका. दहा जण तरी वही-पेन घेऊन शेवटपर्यंत थांबा. आपला मुद्दा गोषवाऱ्यात आला नसेल, तर तिथेच उभं राहून सांगा.

पुन्हा तहसीलकडे येतो. समोरच्या पक्षाची साक्ष तुमच्या पाठीमागे घेतली गेली, तर तक्रार जरूर करा. टी. आर. वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये याचा पाया घालून दिला. वर्मा सरकारी नोकर होते आणि प्रश्न खातेनिहाय चौकशीचा होता. पुराव्याचा कायदा अशा चौकशीला जसाच्या तसा लागू नसला, तरी विरुद्ध बाजूचा पुरावा तुमच्या समक्ष घेतला पाहिजे, उलटतपासाची संधी दिली पाहिजे आणि तुम्हाला खुलासा करू न देता कोणतंही साहित्य तुमच्याविरुद्ध वापरता कामा नये. उलटतपास हवा असेल, तर तोंडी बोलून थांबू नका. त्याच दिवशी चार ओळींचा अर्ज द्या आणि रोजनाम्यात नोंद झाली का ते पाहा.

तारीख चुकली आणि गैरहजेरीत आदेश झाला, तर कलम 232 खाली 30 दिवसांत सबळ कारण दाखवून तो रद्द करून मागता येतो.

जबाब देताना आपल्या घरच्या बोलीत बोला, आगरीत बोललात तरी चालेल. पण लिहिलेलं शब्द न् शब्द ऐका. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहायला सांगा. अंदाजाने साल सांगू नका, त्या सालावरच उलटतपासात अडकवतात. खाडाखोड झाली असेल तर तिच्याशेजारी तुमची आणि अधिकाऱ्याची छोटी सही हवी. डोळ्यांनी नीट दिसत नसेल, तर वाचणारं माणूस सोबत न्या.

आणि कचेरीतून बाहेर पडण्याआधी जबाबाच्या नकलेचा अर्ज देऊन पोच घ्या. पुढच्या आठवड्यात : निकाल विरुद्ध गेला, तर अपील कुठे आणि किती दिवसांत.